यसाजी खोतांची वाळू

एका खाडीच्या तोंडाशी दोन गावं होती. अलीकडे मोरवण, पलीकडे सुरवण. दोन्ही गावांचा देव एकच होता आणि भांडणाचा विषयही एकच होता, तो म्हणजे हद्द.

मोरवणला यसाजी खोत राहत. माणूस तसा वाईट नव्हता, पण 'माझं' हा शब्द त्यांना लाडवापेक्षा गोड लागे. अंगणात परका पारवा येऊन बसला तरी ते बायकोला सांगत, "आपला पारवा आला बघ."

मोरवणच्या किनाऱ्यावर समुद्र दर वर्षी थोडी थोडी वाळू आणून टाकत होता. उघडिपीच्या दिवसांत लाटा मऊ असतात. येताना वाळू आणतात आणि जाताना तिच्यातली बरीचशी विसरून जातात. ती उन्हात सुकली की वारा उचलतो आणि मागे ढीग घालतो. ढिगावर मर्यादवेल पसरते, मुळं खाली जातात आणि वाळू जागच्या जागी बसते. असं करता करता आठ-दहा वर्षांत खाडीच्या तोंडापर्यंत वाळूचा लांबलचक दांडा तयार झाला. त्यावर नामाबाय आणि गावातल्या दहा-बारा कोळणी बांगडे सुकवीत. पावसाळ्याचे चार महिने त्यांच्या चुली याच सुक्या मासळीवर चालत.

एके दिवशी खोतांची नजर दांड्यावर गेली. झालं! "वाळू माझ्या माडांसमोर आली, म्हणजे माझीच," ते म्हणाले आणि नामाबायला बांगडे उचलायला सांगितलं.

नामाबाय म्हणाली, "खोतानू, वाळू दर्यान आणली. तुमी कधी आणलात?"

"दर्याने आणली, पण माझ्या दारात आणली ना? उचल तुझे बांगडे!"

लोक हसायला लागले. लोकांची तोंडं कायमची बंद करावीत म्हणून खोतांनी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. त्या मुलखात रीत अशी, की देवासमोर गाऱ्हाण्यात बोललेला शब्द मोडायची कुणाची छाती नाही. दोन्ही गावं जमली. गुरवाने नारळ हातात घेऊन आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ह्या वाळूचो कणन् कण यसाजी खोताचो. तो खंय गेलो तरी यसाजीचोच!"

"व्हय म्हाराजा!" दोन्ही गावं ओरडली.

'खंय गेलो तरी' हे शब्द खोतांनी गुरवाला मुद्दाम घालायला लावले होते. कुणी टोपलीभर वाळू घराच्या कामाला नेली तर? काय ती हुशारी!

कोळणींनी बांगडे उचलले. खोतांनी दांड्यावर कुंपण घातलं आणि माडाची रोपं लावायची म्हणून सगळी मर्यादवेल उपटायला गडी लावले. नामाबायला राहवेना. ती म्हणाली, "वेल तेवढी उपटू नकात. वाळू तिच्याच मुठीत आसा."

"वेल माझ्या वाळूवर आहे, म्हणजे वेलही माझीच. मी उपटीन, नाहीतर शेंडीला बांधीन. तुला काय करायचंय?"

मग मृग लागला. नैर्ऋत्येचा वारा सुटला आणि लाटा किनाऱ्याला तिरक्या धडकू लागल्या. चौथ्या दिवशी कुंपण गेलं, आठव्या दिवशी रोपं गेली. धरून ठेवायला वेल नव्हती, त्यामुळे लाटांनी दांडा हळूहळू कातरला आणि वाळू ओढत ओढत खाडीपलीकडे नेली. श्रावणात पाऊस उघडला, तेव्हा मोरवणचा किनारा तळहातासारखा सपाट झाला होता आणि खाडीतल्या सुरवणच्या होड्यांपुढे वाळूची टेकडी उभी होती. मासेमारीचे दिवस सुरू झाले आणि सुरवणची एकही होडी बाहेर पडेना.

सुरवणच्या होडीवाल्यांचा म्होरक्या हरबा तांडेल पन्नास माणसं घेऊन खोतांच्या दारात आला. "राम राम खोतानू. तुमचो माल आमच्याकडे इलो हा. तेवढो उचला."

"कसला माल?"

"वाळू. कणन् कण. खंय गेलो तरी तुमचोच. मिया सोता 'व्हय म्हाराजा' म्हटलंय."

खोत घाईघाईने म्हणाले, "अरे, मग काढा ना ती बाजूला!"

"तुमच्या वाळयेक आमी हात कसो लावूचो? देव कोपात!"

आता देवासमोरचा शब्द! खोत दहा गडी आणि वीस टोपल्या घेऊन सुरवणला गेले. धोतर खोचून स्वतःही वाळू उपसायला लागले. ते एक टोपली टाकत, तेवढ्यात वारा दीड टोपली परत आणी. वाळू डोळ्यांत गेली, कानांत गेली, भाकरीत गेली. तिसऱ्या दिवशी टेकडी मोजली, तर ती हातभर वाढली होती! खोत तिच्यावरच बसले आणि चक्क रडायला लागले.

तमाशा बघायला आलेली नामाबाय हसू दाबत म्हणाली, "खोतानू, गाऱ्हाणा फिरवा. वाळू दर्याची म्हणा, मगे सगळे हात लावतीत."

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं फिरलं. गुरवाने आवाज लावला, "बा म्हाराजा, ह्या वाळूचो एक कणसुदा यसाजीचो नाय!" त्यावर सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' ओरडले ते खोतच. मग दोन्ही गावं मिळून उतरली. ओहोटीला त्यांनी टेकडीतून एक अरुंद वाट खणली. खाडीचं पाणी ओहोटीबरोबर त्या वाटेने बाहेर धावलं आणि त्यानेच ती रुंद केली. संध्याकाळी सुरवणच्या होड्या समुद्रात गेल्या. उरलेल्या वाळूवर कोळणींनी वेल लावली आणि बांगडे पसरले. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

खोत घरी आले, ओटीवर बसले आणि धोतराचा काचा सोडला. भसकन पायलीभर वाळू खाली पडली.

खोतीणबाई हातात केरसुणी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "ही कुणाची हो?"

खोत ताडकन उठले. "माझी नव्हे!" ते ओरडले. "देवाशप्पथ, माझी नव्हे!"

तात्पर्य: लाटा-वाऱ्याने आणलेल्या गोष्टीवर नाव घालू नये, आणि घालायचंच असेल, तर तिचं ओझं उचलायचीही तयारी ठेवावी.