बियाण्याच्या शेंगा

“आणि मुलाला उत्तर आलंच नाही, तर तुम्ही काय करायचा, मास्तर?”

“शेंगा फोडायचो.”

सुकुमार मगदूम मोठ्यानं हसला. बाळाप्पा मास्तर हसले नाहीत, तेव्हा तोही हसायचा थांबला.

मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. जतच्या बाजूच्या एका वाडीत त्यांचं दोन खणांचं घर होतं. मृग तोंडावर आला होता, आणि ते घराच्या पुढच्या सोप्यात पोतं पसरून पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. बियाण्याच्या शेंगा हातानंच फोडाव्या लागतात. यंत्रात दाणा दुखावतो, आणि दुखावलेला दाणा उगवत नाही.

सुकुमार हा त्यांचाच विद्यार्थी. आता शेजारच्या गावात शिक्षक. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि तालुक्यात नाव. मगदूम गुरुजींसारखं समजावून सांगणारा दुसरा नाही, असं लोक म्हणत. लोक असं म्हणतात हे सुकुमारला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

“चेष्टा नको, मास्तर. खरंच विचारतोय.”

“खरंच सांगतोय. टेबलाच्या खणात मूठभर शेंगा ठेवायचो. पोराला विचारलं की एक काढायची. सावकाश फोडायची. न्हाई आलं उत्तर, तर दुसरी.”

“आणि साहेब तपासणीला आले म्हणजे?”

“त्येंच्यापुढंबी ठेवल्या. बरं खाल्लं की त्येंनी.”

गावात तेव्हा म्हणायचे, आमचा मास्तर शेंगा खातो आणि पोरं शिकतात. चेष्टाच होती ती. पण पोरं शिकत होती, हेही तितकंच खरं.

या उत्तराचं काय करावं ते सुकुमारला कळेना. शेवटी तो ज्या कामासाठी आला होता, तिकडे वळला.

“माझ्या वर्गात एक मुलगी आहे. हौसा कोळेकर. धनगराची. वर्षभर तोंड उघडलं नाही तिनं.”

“मुकी हाय?”

“छे हो! ओढ्यावरून मेंढरांना हाका मारते त्या शाळेत ऐकू येतात. वर्गात आली की मात्र दगड. तिचा बाप, बिरू, चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन दूर मुलखात निघालाय. उद्या सकाळी माझ्याकडे येणार आहे. म्हणतो, गुरुजी, पोरगी शिकणार असली तर बहिणीकडं ठिवून जातो, न्हाई तर संगं नेतो. तुमी सांगाल तसं.”

“मग तू काय सांगणार?”

“घेऊन जा म्हणणार. गरिबाला खोटी आशा कशाला लावायची?”

मास्तरांनी एक शेंग उचलली.

“मग ठरलंय की तुझं. एवढ्या उन्हातनं हितवर कशाला आलास?”

“तुमचा आशीर्वाद घ्यावा म्हणून...”

कट् करून शेंग फुटली.

“म्हणजे, तुमचं मतही घ्यावं म्हटलं.”

कट्.

“तसं माझ्याकडून काही कमी पडलेलं नाही, मास्तर. चित्रं दाखवली. गाणी म्हटली. सोपं करून सांगितलं, त्याहून सोपं करून सांगितलं...”

मास्तरांनी ओंजळभर शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या.

सुकुमार त्या फोडू लागला, पण तोंड चालूच राहिलं. पटावरची मुलं, वरून येणारी परिपत्रकं, संपता संपत नाही तो अभ्यासक्रम. तोंडाच्या घाईनं हातही चालला. दाणे दुभंगले, काहींची लाल साल निघाली. मास्तरांनी ते वेचून एका वाटीत टाकले.

“ह्ये खायाला. पेरायला चालायचं न्हाईत.”

“अहो, एकेकाच्या उत्तराची वाट बघत बसलो, तर दिवाळीपर्यंत एकच धडा व्हायचा!”

“हुईल की.”

“आणि बाकीचे धडे?”

“त्ये काय पळून जात्यात व्हय?”

आता मात्र सुकुमार चिडला. आणि चिडला की त्याला जुनंपानं आठवत असे.

“तुम्ही मला कधीच विचारायचा नाही. चौथीत. हात वर करून करून माझा खांदा भरून यायचा. तुम्ही आपले मागच्या रांगेतल्या पोरांना विचारत बसायचा. आणि मला उत्तर येत असायचं, मास्तर!”

“म्हणूनच.”

“म्हणूनच काय?”

“तुला यायाचंच. पर तुला दम कुठला निघायला? शेजारच्याचं उत्तरबी तूच सांगून टाकायचास.” मास्तर आता हसले. “गुणाचं पोर हुतास. पर लई घाईचं.”

गुणाचं म्हटल्याचा आनंद मानावा की घाईचं म्हटल्याचा राग, हे सुकुमारला ठरवता येईना. इतक्या वर्षांनी का होईना, मास्तरांना आपला वर केलेला हात दिसत होता, एवढं कळून त्याला मनातल्या मनात बरं वाटलं.

“त्या पोरीला शेवटचं काय विचारलंस?” मास्तर म्हणाले.

“वारा. वारा डोळ्यांना दिसत नाही, मग तो आहे हे आपल्याला कसं कळतं?”

“चांगला प्रश्न हाय.”

“चांगलाच होता.”

“मग?”

“मग काय, गप्प.”

“मग?”

“मग मी सांगितलं. झाडाची पानं हलतात, त्यावरून कळतं.”

“किती येळानं सांगितलंस?”

सुकुमारनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि मिटलं.

मास्तरांनी त्याच्यावरची नजर काढून घेतली. खाली मान घालून ते आपल्या कामाला लागले.

“थांबलो होतो की थोडा,” सुकुमार म्हणाला.

कट्.

“म्हणजे... प्रश्न दोनदा विचारला होता.”

कट्.

“वर्गात असं फार वेळ थांबता येत नाही, मास्तर. बाकीची पोरं चुळबुळतात...”

मास्तरांनी ‘हं’सुद्धा केलं नाही. रागावले होते असं नाही. त्यांना काही ऐकायची घाई नव्हती, इतकंच.

अंगणातून एक कोंबडी सोप्यात आली, पोत्याभोवती फिरली, आणि हुसकावल्यावर गेली. ऊन उंबऱ्यावरून खाली उतरलं. करायला काही नाही म्हणून सुकुमारनं एक शेंग घेतली. मग दुसरी. चिमटीत धरून टोकाशी हलकं दाबलं की शेंग आपोआप उकलते, हे त्याच्या बोटांना लहानपणापासून ठाऊक होतं. आता दाणे अख्खे निघू लागले.

...

“न्हाई थांबलो, मास्तर.”

डी.एड.ला गेल्यापासून टाकून दिलेली बोली त्याच्या तोंडात परत आली होती. त्याचं त्याला कळलंही नाही.

“एकदाबी न्हाई थांबलो. वर्गात गप्पगार झालं की मला भ्या वाटतं. वाटतं, बाहीरनं कुणी बघितलं तर म्हणंल, ह्या मास्तराला शिकवाय येत न्हाई. म्हणून मग मीच सांगून मोकळा हुतो...”

मास्तरांची मान खालीच होती.

“त्या दिवशी तिचं तोंड उघडलं हुतं. वाऱ्याचं विचारलं तवा. मी बघितलं, मास्तर. थोडंसं उघडलं हुतं. तवर मी पानं हलतात म्हणून सांगून टाकलं. मग तिनं मिटून घेतलं.”

त्याचे डोळे भरून आले. लाज वाटण्यासारखं होतं, पण वाटली नाही. उलट छातीवरचं ओझं कुणी उचलून घेतल्यासारखं झालं. आपल्याला इतका मोकळा श्वास घेता येतो, हे तो पार विसरून गेला होता.

मास्तर उठले. आतून गुळाचा खडा घेऊन आले. वाटीतले फुटके दाणे आणि गूळ त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवला.

“खा.”

दोघांनी खाल्लं. दाणे गोड होते. मास्तरांना दात कमी, त्यामुळे त्यांना वेळ लागत होता. सुकुमार त्यांच्या वेगानं खात राहिला. अख्खे दाणे परातीत बाजूला पडले होते, त्यांत आता त्याचेही होते.

वाटी रिकामी झाली.

“बिरू सकाळी येणार,” सुकुमार म्हणाला. “विचारंल, पोरगी शिकंल का? काय सांगू त्येला?”

मास्तरांनी हात झटकले. मांडीवरची टरफलं गोळा केली. अंगणात जाऊन टाकून आले. परत येऊन बसले.

सुकुमार या वेळी मध्ये काही बोलला नाही.

बऱ्याच वेळानं मास्तरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“त्येला सांग, पोरगी गावातच ठेव. मास्तर आत्ता कुठं शिकाय लागलाय.”