स्टँडमायचे दगड

विद्यापीठाच्या मोठ्या फाटकाबाहेर, डाव्या हाताला, चपट्या दगडांचा कमरेएवढा ढीग आहे. वरच्या दगडाला शेंदूर, पायथ्याशी नारळाच्या शेंड्या. प्रवेशासाठी आलेले पालक चपला काढून हात जोडतात आणि मग विचारतात, हा देव कोणता? समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातले शेषराव आप्पा म्हणतात, "देव न्हाई, स्टँडमाय हाय. बसा, सांगतो."

फार वर्षांपूर्वी, असे सांगतात, या फाटकावर लिंबाजी धोत्रे नावाचे पहारेकरी होते. माणूस सरळ, पण हुकमाचा ताबेदार. आतला डांबरी वाहनतळ साहेबांचा आणि पाहुण्यांचा. विद्यार्थ्यांच्या गाड्यांना बाहेरचं काळ्या मातीचं रान. मुलांसाठी जागा करायचा प्रस्ताव तेव्हाही विचाराधीन होता, अजूनही आहे. साहेबांचा विचार खोल असतो, त्याला वेळ लागतो.

त्या साली परीक्षेच्या आदल्या दिवशी अवकाळी कोसळला. परीक्षेच्या सकाळी सुनंदा नावाची एक सासुरवाशीण पस्तीस किलोमीटरवरून दिराची नवी स्कूटी घेऊन आली. सासऱ्यांनी बजावलं होतं म्हणे, एक जरी पेपर राहिला तर शिक्षण बंद. आणि दिरानं बजावलं होतं, गाडीला ओरखडा दिसला तर उद्यापासून गाडी नाही. रान गाड्यांनी गच्च भरलेलं, उरला होता तो नुसता चिखल. फाटकाच्या आत मात्र एक ऐसपैस जागा रिकामी होती, 'प्रमुख पाहुणे' असा फलक लावलेली.

"काका, तीन तासांचाच प्रश्न हाय. लावू द्या ना."

"मोठे पाव्हणे यायलेत, बाई. माझी नोकरी जाईल," लिंबाजी म्हणाले.

ती मागे फिरली. स्टँड लावावा तर तो चिखलात रुतायचा आणि गाडी कलायची. खाली टेकू द्यायला एक दगड हवा होता, पण काळ्या रानात दगड कुठला? रस्त्याकडेला लावली तर पोलीस उचलून नेणार. शेवटी ती गाडी घेऊन ओढ्यापर्यंत गेली, पाण्यात उतरून एक चपटा दगड काढला, परत आली, स्टँडखाली घातला आणि धावत सुटली. उशिरा येणाऱ्यांना अर्ध्या तासाची मुभा असे. ती पोचली तेव्हा वर चार मिनिटं झाली होती. दार उघडलं नाही.

परतताना ती रडत नव्हती, असे सांगतात. तिनं स्टँडखालचा दगड काढला, ओढणीनं पुसला आणि लिंबाजींच्या चौकीपाशी आणून ठेवला. "असू द्या, काका. कुणाच्या तरी कामी येईल." त्यानंतर ती इथे कुणाला दिसली नाही.

लिंबाजी संध्याकाळपर्यंत ती जागा राखत उभे होते. पाहुणे काही आले नाहीत. सहाच्या सुमारास एका शिपायानं हसत सांगितलं, कार्यक्रम तीन दिवसांमागेच रद्द झालाय. पत्र सगळ्या विभागांना गेलं होतं. फाटकावर धाडायचं कुणाला सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागला नाही. निवृत्त होईपर्यंत ते रोज कामावर येताना ओढ्यातला एक दगड घेऊन येत आणि तिच्या दगडावर रचत. स्कूटीवरून येणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा निरखून बघत. ती नसायची.

गेल्या साली मुलांनी वाहनतळासाठी मोर्चा काढला. विद्यापीठानं तत्परतेनं दखल घेतली: ढिगाभोवती फरशी बसवली, रेलिंग लावलं, वर पत्रे टाकले. त्यात दहा गाड्यांची जागा गेली. स्टँडमायचे पाय तेवढे कोरडे झाले, पोरं चिखलातच राहिली.

आजही परीक्षेच्या सकाळी मुलं रेलिंगमधून हात घालून एकेक दगड उचलतात, स्टँडखाली घालतात आणि जाताना परत ठेवतात. सगळ्यात खालचा तेवढा कुणी हलवत नाही, तो तिचा. आणि आजही फाटकाच्या आत ती जागा रिकामी असते. फलक दरवर्षी रंगवतात. नवा पहारेकरी आला की पहिल्या दिवशी त्याला एवढंच सांगतात, तिथं कुणाला लावू द्यायचं नाही.