दार कुणी धरलं?

“दार कुणी धरलं हुतं?”

दौलूमामांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं, तेव्हा उत्कर्षाचा धीर सुटला.

“मामा, दाराची मापं सांगितली. बिजागऱ्या कुठल्या, स्क्रू किती इंची, सगळं सांगितलं. खाली कुठे घासतं त्याचा फोटो दाखवला. आणि तुमचं आपलं तेच.”

“व्हय. तेवढंच न्हाई सांगितलंस.”

मामा विळ्याच्या मुठीवर कानस फिरवत राहिले. फोटोकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

चाळीस वर्षं या माणसानं अर्ध्या तालुक्याची दारं बसवली, असं तिला गडहिंग्लजच्या हार्डवेअरच्या दुकानात कळलं होतं. आता ते कुणाच्या घरी जात नाहीत, पण त्यांच्याकडे गेलं तर सांगतात, असंही कळलं होतं. सांगतात म्हणजे असे सांगतात, हे मात्र कुणी बोललं नव्हतं.

म्हणून ती कॉलेज सुटल्यावर थेट इकडे आली. गावाबाहेर, नदीकडच्या उतारावर. दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे अंगण, अंगणात फणसाचं झाड. आजूबाजूला दुसरं घर नाही.

“कुणीच नाही धरलं,” ती म्हणाली. “मी एकटीनं बसवलं.”

कानस थांबली.

“एकटीनं.”

“खाली दोन विटा ठेवल्या. त्यावर दार उभं केलं. चौकटीला टेकवलं आणि स्क्रू मारले. व्हिडिओत तसंच दाखवतात.”

“बरं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हंजे बरं.”

कानस पुन्हा सुरू झाली.

उत्कर्षाला हे असं बोलणं मुळीच खपत नसे. ज्युनियर कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची. मुलांनी प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, येत नसेल तर येत नाही म्हणायचं, हा तिचा नियम. म्हातारी माणसं मात्र आपल्याला येतं तेवढंही चमच्यानं देतात आणि वर उपकार केल्यासारखी बघतात.

“मामा, भार, टेकू, घर्षण, हे मी रोज शिकवते. नुसतं एवढं सांगा, चूक कुठे आहे.”

“कॉलेजातली दारं चांगली लागत असतील मग.”

ती हसली नाही.

“दार घासतंय कुठं?” त्यांनी विचारलं.

“खाली. कडीच्या बाजूला.”

“मग तू काय केलंस?”

“रंधा मारला.”

“मग?”

“आठ दिवस लागलं. मग परत घासायला लागलं. परत रंधा मारला. असं तीनदा.”

“दार काय वाढत हुतं व्हय, दर आठ दिवसाला?”

तिनं फोटो बंद केला.

मामांनी कानशीचं टोक हवेत वर नेलं. समोर नसलेल्या दाराच्या वरच्या कोपऱ्यावर टेकवलं.

“घासतंय खाली. दुखणं हितं वर हाय. वरली बिजागरी चौकटीला बसलेलीच न्हाई. दार लोंबकळतंय. तू त्याचं पाय कापत बसलीस.”

हे तिला कळायला हवं होतं. एवढं साधं. फळ्यावर आकृती काढून तिनंच हे मुलांना शिकवलं असतं... तिचे कान तापले.

“पण का बसली नाही? लेव्हल लावून बघितली होती मी.”

“ईट वझं घेती. चौकटीला दाबून धरत न्हाई. स्क्रू शेवटच्या दोन पिळाला आला की धरणाऱ्यानं खांदा द्यायचा असतो. त्या दोन पिळात दार बसतं, न्हाईतर जन्मभर बसत न्हाई.”

“मग एखादी पाचर मारते तिरकी. क्लॅम्प आणते.”

मामांनी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

“नख कशानं काळं झालं?”

तिनं अंगठा मुठीत घेतला.

“वीट सरकली एकदा.”

“आणि?”

“आणि काय? दार पडलं. हात खाली आला.”

“हाक कुणाला मारलीस?”

तो रविवार होता. दुपारचे दोन. शेजारच्या गच्चीवर सावंतकाकू सांडगे घालत होत्या, त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. दार अंगावर, हात दाराखाली. एक शब्द काढला असता तर काकू धावत आल्या असत्या. तिनं ओठ घट्ट मिटले. पायानं वीट ओढत आणली, दाराखाली सरकवली, मग दुसरी. हात मोकळा व्हायला पाऊण तास लागला. काकूंच्या बांगड्या तोवर खाली गेल्या होत्या.

“कुणालाच नाही,” ती म्हणाली.

“का?”

“मदत घ्यायची नाही असं ठरलंय.”

“कुणाचं?”

“माझं आणि दादाचं. म्हणजे... माझंच.”

मग तिनं सांगितलं. भराभर, रागानं, एका दमात. आई आधीच गेली होती, बाबा गेल्या वर्षी गेले. दादा बेळगावला असतो. घर विकून टाकू म्हणाला. ती पुण्याची नोकरी सोडून आली आणि घरात राहायला लागली. दादा म्हणाला, जुनं घर एकट्या पोरीला झेपत नाही, सहा महिन्यांत दमशील. ती म्हणाली, सहा महिन्यांनी ये, कुणाचाही हात न लागता उभं केलेलं घर दाखवते, मग विकायचं नाव काढायचं नाही. त्यावर तो ‘बघू’ म्हणाला आणि तेव्हापासून दोघं बोललेले नव्हते.

“नळ मी बदलले. न्हाणीची फरशी मी बसवली. मागच्या भिंतीची ओल मी काढली. बटणं, पंखा, कौलं. जुन्या दाराला वाळवी लागली होती, नवं आणलं. टेम्पोवाला आत घेतो म्हणाला, त्यालाही मी उंबऱ्याशी ठेवून जा म्हटलं. एवढं एक दार राहिलंय, मामा. आणि दादा परवा येतोय, सकाळी पोचतो एवढाच मेसेज आलाय.”

“परवा. रविवारी.”

“हो.”

“ह्या सहा महिन्यांत घरात कोण आलं?”

“कशाला?”

“कशालाबी.”

तिनं आठवून पाहिलं. गॅसवाला दारातूनच गेला होता. सावंतकाकू दोनदा वाटी घेऊन आल्या होत्या. पहिल्यांदा ती शिडीवर होती. दुसऱ्यांदा हात सिमेंटनं भरले होते. नंतर वाटी आली नाही... कधी कधी ती दुरुस्तीचे व्हिडिओ नुसते चालू ठेवायची. काही दुरुस्त करायचं नसलं तरी. घरात कुणी बोलत असलं म्हणजे जेवण जातं.

हे असलं सगळं मामांना सांगायची गरज नव्हती.

“तुम्ही काय चौकशी लावलीय?” ती उसळली. “दुसऱ्याला शिकवताय. तुमच्या स्वतःच्या घराला तर दारच नाही.”

खरंच नव्हतं. आल्या आल्या तिनं ते पाहिलं होतं. चौकट होती, तिला हिरवं लुगडं पडद्यासारखं अडकवलं होतं. दार बाहेर, भिंतीला टेकून. फणसाच्या लाकडाचं, जाडजूड. त्याच्या आडोशाला कोंबडीनं अंडी घातली होती.

मामांनी विळा बाजूला ठेवला.

“खाट वळत नव्हती,” ते म्हणाले.

“काय?”

“कारभारणीला, आमच्या भागीला, शेवटचं न्यायला आली माणसं, तवा खाट वळत नव्हती दारात. म्हणून काढलं.”

वाऱ्यानं लुगडं आत गेलं, बाहेर आलं.

“कधी?” तिनं विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

“अकरा म्हयनं झालं.”

“मग... परत का नाही बसवलं?”

“धरायला ती असायची.”

काही सुचलं नाही की उत्कर्षा कामाला लागायची. सहा महिन्यांत तिला तेवढंच जमलं होतं. ती उठली. कोंबडीला हुसकलं, अंडी परातीत काढून ठेवली, दाराची एक कड उचलून बघितली. दार हललं नाही.

“मी बसवते,” ती म्हणाली. “स्क्रू कुठायत?”

तिला वाटलं, ते नको म्हणतील. गावातल्या चार जणांनी तरी आजवर विचारलं असणार आणि चौघांनाही नको ऐकावं लागलं असणार.

मामा आत गेले. चहापत्तीचा जुना डबा घेऊन आले. डब्यात बारा स्क्रू होते. तेल लावलेले. अकरा महिन्यांत एकालाही गंज चढला नव्हता.

दोघांनी मिळून दार चौकटीशी आणलं. मामांनी लुगडं काढून खांद्यावर टाकलं. उत्कर्षानं सवयीनं इकडेतिकडे पाहिलं, चुलीजवळच्या दोन विटा उचलून आणल्या, उंबऱ्याशी ठेवल्या आणि दार त्यांवर चढवलं. बिजागरी भोकांशी जुळली. तिनं पहिला स्क्रू लावला.

मामांनी पायानं एक वीट बाजूला सारली.

दार कलंडलं. तिनं दोन्ही हातांनी सावरलं.

“काय करताय, मामा?”

त्यांनी दुसरी वीटही सारली.

सगळा भार तिच्या मनगटांवर आला. काळ्या नखात कळ गेली. स्क्रू निसटून अंगणात कुठेतरी गेला.

“मामा, पडेल.”

“व्हय.”

“मला एकटीला नाही पेलत.”

“बरं.”

“बरं काय? धरा ना.”

मामा पुढे झाले. दाराला खांदा लावला. भार इतक्या हळू तिच्या हातांतून गेला, की कधी गेला ते तिला कळलंच नाही.

“अगं, असं म्हणायचं असतंय,” ते म्हणाले. “लाव आता.”

तिनं अंगणातून स्क्रू शोधून आणला. वरच्या बिजागरीपासून सुरुवात केली.

“जरा उचला.”

“हं.”

“जास्त झालं. खाली... आणखी थोडं. बस.”

“जड झालं की सांगतो मी.”

“झालं का?”

“न्हाई अजून. तू फिरव.”

तिला जाणवलं की ती बोलतेय. कुणीतरी उत्तर देतंय, आणि त्या उत्तराप्रमाणे तिचा हात थांबतोय, पुढे जातोय. शेवटचे दोन पीळ राहिले तेव्हा मामांनी काही न सांगता खांदा रेटला. बिजागरी लाकडात शिरली आणि बसली. तिच्या मनगटाला ते कळलं. घरच्या दाराच्या वेळी असलं काही कळलं नव्हतं.

बारा स्क्रू झाले. मामांचा खांदा थरथरत होता. ते बाजूला झाले, आत गेले.

“लावून बघतो,” म्हणाले.

दार आतून ओढलं गेलं. कुठेही न घासता चौकटीत जाऊन बसलं.

ती अंगणात उभी राहिली. कडी वाजायची वाट पाहिली. कडी वाजली नाही. आत पावलंही वाजली नाहीत.

“मामा?”

ती दाराजवळ गेली.

“मामा, नीट लागलं का?”

“लागलं.”

आवाज दाराला अगदी चिकटून आला. म्हणजे ते तिथेच उभे होते. इथेच, फळीच्या पलीकडे. खांद्यावर ते लुगडं असेल, तिच्या मनात आलं. आता ते कुठे अडकवायचं, हा प्रश्न असेल... तिनं तळवा दारावर ठेवला. मग काढून घेतला.

ऊन फणसाच्या शेंड्याला गेलं होतं. तिला निघायला हवं होतं. घरी कुणी वाट बघत नव्हतं, पण काम होतं.

“मी आज जाऊन वरची बिजागरी खोलते,” ती दाराला म्हणाली. “भोकं बुजवते. उद्या सकाळी नवीन भोकं पाडते. पण... शेवटच्या दोन पिळांना...”

पुढचं वाक्य तिला येत होतं. ते तोंडातून निघेना.

“उद्या तुम्ही याल का, मामा? धरायला?”

“भाऊ कवा येतोय म्हणालीस?”

“रविवारी सकाळी. म्हणून तर उद्याच्या उद्या व्हायला पाहिजे. त्याला दाखवायचंय ना.”

“धडधाकट हाय न्हवं?”

“कोण? दादा?” तिला हा प्रश्नच कळेना. “आहे की. त्याचं काय?”

“मग तवर ऱ्हाऊ दे दार उघडं,” आतून मामा म्हणाले. “स्क्रू तू मार. धरायला त्याला सांग.”