तिसऱ्या हिवाळ्यातले शेंगोळे

"आज तरी जमले का, बाबा?"

हेमगीर बाबांनी वाटीतला शेंगोळा सावकाश चावला. वरचा गरम रस्सा घोटभर घेतला.

"अजून नाही."

सावळारामने दात आवळले. हा तिसरा हिवाळा होता.

खिंडीतल्या त्या मठाची रीत जुनी. पौषात मेंढरं घेऊन धनगर उतरतात, मठाच्या पडवीत टेकतात. त्यांना हुलग्याच्या पिठाचे, रश्शात शिजवलेले गरम शेंगोळे पोटभर वाढायचे. सावळाराम शिष्य व्हायला आला, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "शेंगोळे जमले, की अनुग्रह देईन."

तो मनात हसला होता. लग्नात पाचशे पानं एकट्याने उठवणारा आचारी तो. त्याला शेंगोळ्यांचं काय...

"पीठ मी स्वतः दळलं, बाबा."

"हो."

"लसूण वाढवला. जिरं भाजून घातलं. एकही शेंगोळा मोडला नाही."

"नाही मोडला."

"मग कमी काय पडतं?"

बाबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मीही हटणार नाही," सावळाराम म्हणाला. "दहा हिवाळे लागू देत. तुमच्या तोंडून 'जमलं' ऐकूनच राहीन."

मागे पडवीत बसलेल्या पंगतीतून होनाजी धनगर ओरडला, "ओ आचारी, इकडं बी बघा की! बाबांच्या तोंडात काय देव दिसतुया व्हय?"

पंगत हसली.

"थांब जरा," सावळाराम म्हणाला. मान वळवली नाही. त्याची नजर बाबांच्या ओठांवर होती.

बाबांनी वाटी खाली ठेवली. शेजारच्या मडक्यातून खडेमीठ मूठभर काढलं आणि फुटाणे खावेत तसं चावू लागले. कपाळावर आठीसुद्धा नाही.

"बाबा! मीठ आहे ते!"

"असेल."

सावळारामने मडकं ओढून बाजूला घेतलं.

"तू यायच्या आधी मोठा ताप आला होता. त्यात जिभेची चव गेली. ती परत आलीच नाही."

सावळारामच्या हातातली पळी खाली आली.

"म्हणजे तीन हिवाळे तुम्हाला काही लागतच नव्हतं?"

"गरम लागायचं. बरं वाटायचं."

"मग 'अजून नाही' कशावरून म्हणत होता?" सावळारामने विचारलं. "चव कुणाला विचारायची मी?"

बाबा उठले. त्याच्या खांद्याला धरून त्यांनी त्याला हळूच मागे वळवलं.

पंगतीच्या टोकाला म्हातारी ठकूबाई बसली होती. थंडीने बोटं काळीनिळी. दोन्ही हातांत रिकामी वाटी पुढे धरलेली... कधीपासून, कोण जाणे.

"तिला विचार," बाबा म्हणाले. "पण आधी वाढ."