रिबकाबाईचे गाणे

भाविकहो, शांतवन महाराजांचा मुक्काम त्या वर्षी सोनखडीला होता. प्रवरेच्या खोऱ्यातले हे लहानसे गाव. गावाबाहेर ख्रिस्ती वस्ती, आणि वस्तीच्या मधोमध पांढऱ्या मातीच्या भिंतींचे, कौलारू देऊळ. महाराज अंगात जाडाभरडा सदरा घालीत, खांद्यावर एकतारी असे. ज्या गावी दुःख झाले असे कानी येई, त्या गावी ते न बोलावता जात आणि प्रभू येशूचे कीर्तन करीत. सोनखडीत त्या साली दुष्काळ होता. नदी आटली होती आणि तापाच्या साथीने घराघरांत रडारड झाली होती.

त्या वस्तीत थोमा आणि त्याची बायको रिबका राहत. थोमा विहिरी खोदण्याच्या कामावर जाई. रिबका त्याच विहिरींतला मुरूम पाटीने उपसून वर आणी. साथीत त्यांची दोन्ही मुले गेली. पुढच्याच महिन्यात चुलीची ठिणगी उडून घराचे छप्पर जळाले. पण पहाटे दळायला बसली, की रिबकाबाईच्या तोंडी महाराजांनी शिकवलेला अभंग असायचाच :

ओटी भरलेली । तेव्हा तुज गावे ।
रिती तरी गावे । तुजलाच ॥

कधी गाताना तिचा आवाज फाटे, कधी डोळ्यांतून पाणी जात्यात पडे. तरी ती अभंग पुरा करी आणि मगच उठे.

वस्तीतच बार्णबा हवालदार राहत असे. तो मोठ्या लढाईत पलटणीबरोबर पार इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता. शेती घेतली होती, माडीचे घर बांधले होते. पण तिकडे मेलेल्या माणसांचे ढीग पाहून आल्यापासून तो देवळाची पायरी चढला नव्हता. देवाचे नाव कोणी काढले, की तो हसायचा, आणि ते हसणे फार कडू असायचे.

महाराजांचे कीर्तन रंगात आले असताना तो दारात येऊन उभा राहिला. रिबकाबाई पुढे बसून टाळ्या वाजवीत होती. तिला पाहून तो म्हणाला, "काय गं रिबका, दोन लेकरं पुरलीस, घर जाळून घेतलंस, आणि वर टाळ्या? तुझा देव तरी बहिरा आहे, नाही तर तू तरी वेडी!"

रिबकाबाईची मान खाली गेली. मग हळूच ती म्हणाली, "दादा, लेकरं त्यानंच दिली व्हती. ती आता त्याच्यापाशीच हाईत. मग त्याच्याशी अबोला धरून मी कुठं जाऊ?"

महाराज म्हणाले, "बार्णबा, देव चांगला आहे असं म्हणायला दिवस चांगला असावा लागत नाही."

"उद्या माझ्या विहिरीवर या महाराज," बार्णबा म्हणाला. "पाणी लागतं ते सुरुंगानं आणि घामानं. गाण्यानं नाही!" आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बार्णबाच्या नव्या विहिरीत थोमा खोदायला खाली उतरला. त्याच्याबरोबर बार्णबाचा धाकटा भाऊ तीत होता. रिबकाबाई पाटी रिकामी करायला वर आली आणि तेवढ्यात जमिनीच्या पोटातून घरघर ऐकू आली. पूर्वेची कड सुटली! माती, मुरूम, धोंडे असे सगळे एकदम खाली गेले. धुरळा बसला तेव्हा विहीर अर्धी भरली होती, आणि आत माणसाची चाहूल नव्हती.

बार्णबा धावत आला. "तीत! अरे तीत!" त्याने गावातली माणसे गोळा केली. सगळ्यांनी विहिरीच्या मध्यभागी उकरायला सुरुवात केली, कारण तिथेच दोघे काम करीत होते. पण एक पाटी उपसावी तर वरून दोन पाट्या माती घसरत होती. उरलेल्या कडेलाही हातभर भेग पडली. ती पाहून माणसे एकेक करून वर आली.

"हवालदार, आता उतरलो तर आम्हीही जाऊ," माणसे म्हणाली. "देवाची मर्जी."

रिबकाबाई काठावर बसून होती. ना रडली, ना बोलली. दुपार कलली तरी ती तशीच. महाराज येऊन तिच्याजवळ मातीत बसले.

"महाराज," ती पुटपुटली, "आज माझ्याच्यानं गाणं व्हायचं न्हाई. गळ्यात धोंडा बसलाय."

"नको गाऊस, बाई," महाराज म्हणाले. "आज त्याला नुसतं एवढंच सांग, की मी इथं आहे."

बार्णबा समोरच उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते. "का गं? गप्प का आता? रोज गातेस ना? आज कुठं गेला तुझा देव?" तो ओरडला. पण त्या ओरडण्यात हसू नव्हते. बुडत्याने कोणाचा तरी हात शोधावा, तसे ते ओरडणे होते.

रिबकाबाईने त्याच्याकडे पाहिले आणि तिच्या मनात एकच आले : हा माझ्याहून दुबळा आहे, याला तर हाक मारायलाही कोणी नाही. ती उठली. पदर खोचला. पहिला शब्द फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला. "ओटी भरलेली, तेव्हा तुज गावे..." ती ओळ संपली आणि तिचा श्वास अडकला.

तेव्हा जमिनीखालून, अगदी बारीक, पुढची ओळ आली. "रिती तरी गावे, तुजलाच!"

"थोमाचा आवाज!" ती किंचाळली. आणि आवाज मध्यातून नव्हताच! तो पश्चिमेच्या बाजूने, खडकाच्या कपारीतून येत होता.

महाराजांनी एकतारी खाली ठेवली, धोतराचा काचा मारला, आणि कोणी अडवायच्या आत विहिरीच्या पायऱ्या उतरू लागले. "भेगेकडे बघू नका," ते म्हणाले, "ती धरणारा धरील!" म्हाताऱ्या महाराजांना पुढे जाताना पाहून बार्णबा मागोमाग उतरला, आणि मग बाकीचे उतरले. रिबकाबाई काठावर उभी राहून गातच राहिली. कपारीपुढची माती उकरली, तेव्हा आतून आधी एक हात बाहेर आला. तीत निघाला, मग थोमा. दोघे धुळीने माखलेले, पण अंगावर साधी चीर नाही! महाराज सर्वांच्या शेवटी वर आले. त्यांचे पाऊल काठाला लागते न लागते, तोच भेगाळलेली कड मोठा आवाज करून खाली कोसळली.

सूर्य अजून मावळायचा होता. तीत धापा टाकीत रिबकाबाईला म्हणाला, "वहिनी, तुम्ही गात होता म्हणून वाचलो. थोमादादानं मला कपारीत ओढलं, तरी माती पडली तसा मी धीर सोडला होता. पण तुमचं गाणं लगेच सुरू झालं. दुपारभर थांबलंच नाही. मग थोमादादा म्हणाला, ऐक, वर आपली माणसं आहेत."

थोमानेही मान हलवली. "व्हय. मधीच ओळ तुटली तवा पुढची मी धरली. एवढं गोड तू कधी गायली नव्हतीस गं."

रिबकाबाईने चमकून दोघांकडे पाहिले. "मी? मी तर आत्ता तोंड उघडलं!"

सगळे बार्णबाकडे पाहू लागले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "खरं आहे," तो कसाबसा म्हणाला. "मी धावत आलो तेव्हापासून हिच्याकडे बघतोय. हिनं अवाक्षर काढलं नव्हतं. मग... मग महाराज, दुपारभर कोण गात होतं?"

महाराजांनी आभाळाकडे पाहून हात जोडले. "बार्णबा, आपल्या भक्ताचा गळा दाटला, की त्याचं गाणं प्रभू स्वतः उचलतो. आपण अर्ध्यावर सोडलेलं काही त्याच्याकडे अर्धं राहत नाही."

बार्णबाने डोक्यावरचा फेटा काढला. लढाईत ज्याचा गुडघा कधी टेकला नव्हता, तो मुरमाड जमिनीवर दोन्ही गुडघे टेकून बसला आणि त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्याला खांद्याला धरून उठवले.

"इथं नको. ज्यानं तुझा भाऊ दिला, त्याच्यापुढं वाक."

तेव्हा तो तिथेच पुन्हा वाकला आणि लहान मुलासारखा रडला. बसऱ्याहून आल्यापासून जे कोणापुढे बोलला नव्हता, ते सगळे तो देवाला सांगत होता. कोणी त्याला थांबवले नाही. उठला तेव्हा त्याने आधी रिबकाबाईपुढे हात जोडले, मग स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरला, आणि भावाच्या आधी तो थोमाच्या ओठांना लावला.