तासावरचं शिकवणं

श्रीरंगवाडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची पहिलीच कायम जागा निघाली, तेव्हा हेमांगी धारपही मुलाखतीला गेल्या. केस पिकायला लागले तरी त्या तिथे तासिका तत्त्वावरच शिकवत होत्या. दर जूनला नवी नेमणूक आणि दर उन्हाळ्यात घरी. ही जागा हुकली, तर पुढची निघेपर्यंत निवृत्तीचं वय झालं असतं. पण बाहेरच्या बाकावर संस्थेच्या अध्यक्षांची पुतणीही बसली होती आणि जागा कुणासाठी आहे, हे शिपायालाही ठाऊक होतं.

अध्यक्ष दादासाहेब कोरपे अर्जाकडे न बघताच म्हणाले, "बाई, तुमचा अनुभव शून्य."

"साहेब, इतकी वर्षं इथंच शिकवतेय."

"तासावर! तासावरचं शिकवणं आम्ही शिकवणं धरत नाही."

मुलाखत घ्यायला आलेले विद्यापीठाचे तज्ज्ञ मान खाली घालून बसले.

"ठीक आहे साहेब," हेमांगीबाई म्हणाल्या, "मग तुमच्या पुतणीलाही घरी पाठवा."

"का म्हणून? पहिल्या वर्गात पदवी आहे तिची!"

"याच कॉलेजची आणि याच विषयाची. इथं कायम प्राध्यापक कधी नव्हताच, तिला मीच शिकवलं. माझं शिकवणं धरायचं नसेल, तर ती काही शिकलेलीच नाही. ती शिकली असेल, तर माझा अनुभव धरा."

तज्ज्ञांनी मान वर करून पेनाचं टोपण काढलं. "बोला अध्यक्षसाहेब, काय लिहू?"

दादासाहेबांनी दाराकडे एक नजर टाकली. मग ते पुटपुटले, "बाईंचा अनुभव लिहा."

तो लिहिल्यावर दोघींत सरस कोण, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.