गोंडूचं कोरडं रडू

कवठाच्या झाडात एक ढोली.
ढोलीत खारीची तीन पिल्लं होती.
आता दोनच आहेत.
मोठी बिटकी. धाकटा गोंडू.
मधला झुपू होता. तो गेला.

आज गोंडूचं पोट बिघडलं.
सकाळपासून जुलाब. पाच वेळा, सहा वेळा.
गोंडू रडला. आँ आँ आँ.
पण डोळ्यांतून पाणी आलं नाही.
ओठ कोरडे. जीभ कोरडी. रडूही कोरडं.
झुपूसुद्धा असाच रडला होता.
बिटकी उठली. सरसर सरसर खाली उतरली.

झाडाखाली शेवंताताईचं घर.
ताई गावात घरोघर जाते. कुणाला ताप, कुणाला खोकला, बघते.

"ताई ताई, पाणी दे.
गोंडूचं रडू कोरडं."

ताई म्हणाली, "पाजायलाच हवं गं. पोटातून जेवढं जातं, तेवढं परत द्यायचं. पण हे ओढ्याचं पाणी. कच्चं कसं देऊ? पोट आणखी बिघडेल. पातेल्यानं उकळलं तर देईन."

बिटकी गेली पातेल्याकडे. सरसर सरसर.

"पातेल्या पातेल्या, पाणी उकळ.
ताई पाणी देईना,
गोंडूचं रडू कोरडं."

पातेलं म्हणालं, "उकळेन की. पण मी काय आपोआप तापतो? चूल पेटली तर उकळेन."

बिटकी गेली चुलीकडे. सरसर सरसर.

"चुली चुली, पेट.
पातेलं उकळेना,
ताई पाणी देईना,
गोंडूचं रडू कोरडं."

चूल म्हणाली, "माझ्या पोटात नुसती राख. पेटू कशानं? तुझी शेपूट घालतेस? नको, राहू दे, घाबरू नकोस. झाडानं काटकी दिली तर पेटेन."

बिटकी गेली झाडाकडे. सरसर सरसर.

"झाडा झाडा, काटकी दे.
चूल पेटेना,
पातेलं उकळेना,
ताई पाणी देईना,
गोंडूचं रडू कोरडं."

झाड हळूच म्हणालं, "वाळकी काटकी एकाच फांदीला आहे. त्या फांदीवर तुझी आई बसली आहे. झुपू गेल्यापासून तिथंच बसते. मी हललो तर ती पडेल. ती उठली तर देईन."

बिटकी गेली आईकडे. या वेळी सरसर नाही. हळू, हळू.

"आई आई, ऊठ.
झाड काटकी देईना,
चूल पेटेना,
पातेलं उकळेना,
ताई पाणी देईना,
गोंडूचं रडू कोरडं."

आई म्हणाली, "पाणी नको गं बाळा. पाणी पाजलं की पोट जास्त वाहतं. सगळ्या म्हाताऱ्या खारी हेच सांगतात. झुपूला मी एक थेंब दिला नव्हता."

बिटकी म्हणाली, "ताई म्हणते, द्यायचं. जेवढं जातं, तेवढं परत द्यायचं."

आईनं ढोलीकडे पाहिलं.
खालून आवाज आला. आँ. आँ. अगदी बारीक.

आई उठली. फांदी हलली. कट्.
झाडानं काटकी दिली.
चूल पेटली. धगधग धगधग.
पातेलं तापलं. पाणी उकळलं. बुडबुड बुडबुड.

ताईनं पाणी झाकून ठेवलं. गार होऊ दिलं.
साबणानं हात धुतले.
पेलाभर पाणी घेतलं.
त्यात सपाट चमचाभर साखर.
त्यात चिमूटभर मीठ.
ढवळलं. किणकिण किणकिण.
चाखून पाहिलं. अश्रूंपेक्षा खारट नको.

आई गोंडूला घेऊन खाली आली.
"हे घे," ताई तिला म्हणाली. "थोडं थोडं पाज. दूधही पाजत राहा. संध्याकाळपर्यंत शू झाली नाही, तर टोपलीत घालून दवाखान्यात नेऊ."

आईनं कापसाचा बोळा बुडवला. थेंब थेंब पाजलं.
गोंडूनं ओकलं.
आई जरा थांबली. मग पुन्हा. आणखी हळू.
एक थेंब. एक थेंब. एक थेंब.

ऊन उतरलं.
गोंडूनं पाय ताणले. आणि आईच्या अंगावरच शू केली.
"अगंबाई," बिटकी म्हणाली, "तू भिजलीस."
आई म्हणाली, "भिजू दे."

मग तिनं ताईला विचारलं, "झुपूलाही असंच पाजायला हवं होतं का?"

"हो," ताई म्हणाली. "पण तुला ठाऊक नव्हतं गं."

आईनं बोळा पुन्हा पाण्यात बुडवला.
गोंडूनं तोंड उघडलं.

एवढीच गोष्ट.
गोंडू आता झोपला आहे.
आपण हळू बोलू या.